चेरीची खाज थांबत नाही, इंदूरकरांनो मदत करा

चेरीची_आई (सुदामा नगर)
२८ जून, रात्री ११:४०

नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच.

आमची चेरी पिवळी लॅब्राडोर, साडेचार वर्षांची. दीड वर्षाची असताना पंजे चाटायला लागली. आम्हाला वाटलं, सवय असेल. पुढच्या पावसाळ्यात कान, मग काखा आणि पोटाखालचा भाग लाल व्हायला लागला. आता पंज्यांवरचे केस चाटून चाटून तांबूस झालेत, कानांना आंबूस वास येतो आणि मांड्यांच्या आतली कातडी काळी, जाड, हत्तीसारखी झाली आहे.

दर वेळी एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी खाज बंद. पंधरा-वीस दिवस घरात शांतता, की पुन्हा तेच. रंगपंचमीपासून आतापर्यंत चार इंजेक्शनं झाली. हल्ली ती सारखं पाणी पिते, रात्री दोनदा लघवीसाठी उठवते, सतत भुकेली असते आणि पोट सुटलंय. खाण्यात सकाळी दूध-पोळी, रात्री चिकन-भात.

रात्री तिच्या पट्ट्याची कडी वाजायला लागली की मला कळतं, सुरू झालं. मी उठून तिचा पाय हातात धरून बसते. घरात आता बोलणी चालली आहेत की देवासकडे ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे सोडून येऊ. मला ते होऊ द्यायचं नाही. सकाळी फिरताना एका काकांनी गाडीचं जळकं ऑइल चोळायला सांगितलं. लावून बघू का?


मल्हारगंजची_गल्ली
२९ जून, सकाळी ७:०५

ताई, जळकं ऑइल लावू नका. हात जोडून सांगतो.

आमच्या गल्लीत मी पाच-सहा कुत्र्यांना रोज खायला घालतो. दोन वर्षांपूर्वी एका पिल्लाला लूत लागली, तर कोणीतरी मायेनेच त्याला जळकं ऑइल फासलं. पिल्लाने ते चाटलं. दोन दिवस उलट्या, कातडी भाजल्यासारखी सोललेली, तिसऱ्या दिवशी गेलं. रॉकेल, फिनाइल, गंधक घातलेलं तेल, कापूर घातलेलं खोबरेल, सगळ्यांची गत तीच. कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, कारण तो चाटणारच. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

लूत असेल तर औषध साधं आहे हो. आमच्या बाकीच्या चौघांना डॉक्टरांनी वजन बघून गोचीड-पिसवांची चघळायची गोळी दिली, तीच लुतेच्या किड्यावरही चालते. दीड महिन्यात अंगावर केस आले. तोवर माझ्याही हातांवर, कंबरेवर पुरळ उठलं होतं, कारण ती लूत माणसाला तात्पुरती त्रास देते. तुमच्या घरी कोणाला खाज आहे का? आणि चेरीच्या कानाची कडा बोटांत धरून हलकेच चोळा. मागचा पाय खाजवल्यासारखा हलायला लागला तर लुतेचा संशय घ्या.


निवृत्त_पशुवैद्य
२९ जून, दुपारी ३:२०

चेरीची आई, मी महूला शिकलो आणि तीस वर्षं माळव्यातच जनावरं तपासली. न बघता औषध सांगणार नाही, पण विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट आजच करा. पाणी, लघवी, भूक, सुटलेलं पोट ही सगळी स्टेरॉइडची लक्षणं आहेत. बहुधा लांब टिकणारं इंजेक्शन दिलं जातंय. स्टेरॉइडला मी शत्रू मानत नाही. खाज भडकलेली असताना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीइतकं झटपट आणि स्वस्त दुसरं काही नाही. पण गोळी रोज कमी करता येते, हळूहळू बंद करता येते. इंजेक्शन एकदा गेलं की परत काढता येत नाही. असं वारंवार होत राहिलं की शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी जाते, म्हणून अचानक सगळं तोडूही नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा की इंजेक्शन नको, उतरत्या मात्रेच्या गोळ्यांचा आराखडा द्या. आणि स्टेरॉइड चालू असताना घरातली कुठलीही दुखण्याची गोळी देऊ नका, जठराला व्रण होतात.

दुसरं. खाज हे नुसतं लक्षण आहे, त्यामागे कोण आहे ते शोधायचं. मी नेहमी एक प्रश्न विचारतो: आधी खाज आली की आधी पुरळ आलं? कातडी स्वच्छ असताना खाज आली आणि चट्टे नंतर पडले, तर अ‍ॅलर्जीचा संशय बळावतो. तुमच्या वर्णनात दीड वर्षाचं वय, पंजे, कान, काखा, जांघा आणि पावसाळ्यात वाढ आहे. हवेतल्या अ‍ॅलर्जीचं चित्र असंच असतं, ती बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. पण तेवढ्यावर शिक्का मारायचा नाही. आधी सोपी कारणं बाजूला काढायची.

पिसवा सगळ्यात आधी. पिसवांची खाज शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर जास्त असते. एक पीस दिसली नाही म्हणून नाही असं समजू नका. अ‍ॅलर्जी पिसवेच्या लाळेची असते, दोन-चार चावे पुरतात. पांढरा कापूस ओला करून अंगातून निघालेले काळे कण त्यावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. बाकी अंडी, अळ्या, कोष सगळे गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत. म्हणून गोळी एक महिना देऊन थांबलात तर कोषातून नव्या पिसवा बाहेर पडतातच. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला सलग काही महिने द्यावी लागते. ज्याला फिट येतात त्याच्या बाबतीत या गोळ्यांआधी डॉक्टरांना जरूर सांगा. आणि गाई-म्हशींचं किडे मारणारं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कॉलीसारख्या काही जातींत ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव जातो.

नंतर संसर्ग. आंबूस वास, तेलकटपणा आणि हत्तीची कातडी ही यीस्टची, म्हणजे एका बुरशीची खूण आहे. पुटकुळ्या, पिवळ्या खपल्या असतील तर जिवाणू. हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. कातडीवर चिकटपट्टी लावून किंवा काच टेकवून स्लाइड करायची, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. कातडी खरवडून डेमोडेक्सही बघून घ्या. तो किडा दुसऱ्याला लागत नाही, पण स्टेरॉइडवर फोफावतो. तुमचे डॉक्टर स्लाइड करत नसतील तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. १९५५ पासूनचं कॉलेज आहे, इंदूरहून तासाभराचा रस्ता.

संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर जी खाज उरेल, तीच खरी अ‍ॅलर्जीची. तोवर अन्नाचं आणि हवेचं बोलण्यात अर्थ नाही.


चेरीची_आई
२९ जून, रात्री १०:१५

डॉक्टरकाका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि यजमानांनाही वाचायला दिलं. चार वर्षांत कोणी स्लाइड केलेली नाही. कान चोळून बघितला, पाय हलला नाही. घरात कोणाला पुरळ नाही. सोमवारी महूला नेतो आहोत.


टिळकनगर_४५२
३० जून, सकाळी ९:३०

मला एक विचारायचं होतं. आमच्या बीगलची रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घेतली. अहवालात भात, बटाटा, मासे, चिकन, धूळ, सगळ्यांपुढे खुणा आल्या. आता त्याला द्यायचं तरी काय? एवढे पैसे गेले आणि मी आणखी गोंधळलो.


निवृत्त_पशुवैद्य
३० जून, दुपारी १:१०

अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताची, लाळेची, केसांची कुठलीच टेस्ट भरवशाची नाही. त्या अहवालावरून काहीही बंद करू नका. अन्नाची अ‍ॅलर्जी कळण्याचा एकच मार्ग आहे: कुत्र्याने आयुष्यात न खाल्लेला एक प्रथिनाचा पदार्थ आणि एक पिष्टाचा पदार्थ, नाहीतर हायड्रोलाइज्ड, म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या प्रथिनाचं डॉक्टरी खाणं, आठ आठवडे. त्याशिवाय तोंडात काही नाही. मग जुनं अन्न परत सुरू करायचं आणि वाट बघायची. खाज परतली तर अन्न दोषी.

धूळ-परागकणांच्या चाचणीला मात्र एक उपयोग आहे. अ‍ॅलर्जीची लस बनवायची असेल तर तिच्यात काय घालायचं ते त्यावरून ठरतं. रोग आहे की नाही, हे तीही सांगत नाही.


टॉमीचे_आजोबा
३० जून, संध्याकाळी ६:४५

आठ आठवडे म्हणायला सोपं आहे, म्हणून आमची गोष्ट सांगतो.

आमचा टॉमी पॉमेरेनियन, आता नऊ वर्षांचा. घर शाकाहारी, टॉमीही आमच्याबरोबर शाकाहारी. बारा महिने कान वाहायचे आणि गुदद्वाराभोवती खाज. डॉक्टरांनी हायड्रोलाइज्ड खाणं लिहून दिलं. पहिला प्रयत्न तिसऱ्या आठवड्यात मोडला, कारण मी. सकाळी चहाबरोबर टोस्ट बुडवून त्याला तुकडा द्यायची सात वर्षांची सवय. मला वाटलं, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय. दुसरा प्रयत्न मोडला जंताच्या चवदार गोळीने, तिच्यात मांसाचा अर्क होता हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. तिसऱ्या वेळी सूनबाईने फ्रिजवर कागद लावला आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाची सही घेतली, कामवाल्या बाईंची आणि नातवाचीही. शेजाऱ्यांनाही सांगून आलो की ओट्यावरून शेव टाकू नका.

सातव्या आठवड्यात कान कोरडे झाले. नऊ वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून फक्त दूध परत दिलं. तिसऱ्या दिवशी खाज. बंद केलं, आठवड्यात शांत. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. दूध, दही, ताक, पनीर, तुपातली पोळी, सगळं बंद. आता त्याला एकही गोळी लागत नाही.

मी त्याला रोज सकाळी वाटीभर दूध प्रेमाने पाजत होतो. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.


मल्हारगंजची_गल्ली
३० जून, रात्री ८:००

काका, तुम्ही तिसऱ्यांदाही सुरू केलंत, हे मोठं आहे.


अन्नपूर्णा_रोड
१ जुलै, सकाळी १०:५०

मी आंघोळीबद्दल लिहिते, कारण यात मी वर्षभर चुका केल्या.

आधी मी आमच्या रॉकीला माणसांच्या साबणाने आणि पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकून घासायची. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिचा सामू (pH) वेगळा असतो. आपला साबण तिचं तेल काढून टाकतो आणि खाज वाढते. डॉक्टरांनी जिवाणू आणि यीस्ट मारणारा, क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल असलेला शाम्पू दिला. तोही दोन महिने वापरून फरक पडेना. नंतर कळलं की मी लावून लगेच धुवून टाकत होते. त्याचं काम व्हायला दहा मिनिटं अंगावर राहावा लागतो. घड्याळ लावून दहा मिनिटं. आता मी आधी कोमट पाण्याने अंग भिजवते, पंजे, काखा आणि जांघा इथून सुरुवात करते म्हणजे तिथे सगळ्यात जास्त वेळ मिळतो, आणि तेवढा वेळ त्याच्याशी बोलत बसते. उन्हाळ्यात बरं असतं, पावसाळ्यात तो थरथरतो, मग खोलीचं दार लावून घेते.

धुणं तितकंच महत्त्वाचं. शाम्पू बोटांच्या बेचक्यात राहिला की तोच खाज आणतो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून नळाचा दिवस हाच रॉकीचा दिवस. बोअरच्या जड पाण्याने शाम्पू नीट सुटत नाही. शेवटी जुन्या सुती पंचाने बोटांमधली जागा अगदी कोरडी करायची. ओली बेचकी म्हणजे यीस्टला आमंत्रण.

आणि फिरून आल्यावर पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसा, रोज. बायपासकडच्या रिकाम्या प्लॉटांवर पाऊस पडला की गाजर घास कमरेएवढी होते. रॉकी त्यातून जाऊन आला की संध्याकाळी त्याचं पोट लाल दिसतं. आम्ही रस्ताच बदलला.


चेरीची_आई
३ जुलै, रात्री ९:३०

महूला जाऊन आलो. स्लाइडमध्ये यीस्ट भरपूर, कानातही. जिवाणूही. खरवडून बघितलं, किडा नाही. पिसवांची गोळी दर महिन्याला सुरू. यीस्टचं औषध, आठवड्यात दोनदा तो शाम्पू, कानात थेंब. स्टेरॉइडच्या गोळ्या उतरत्या क्रमाने तीन आठवड्यांत बंद. त्यांनी वही घालायला सांगितली आहे, रोज रात्री खाजेला दहापैकी गुण. आजचे आठ.


टिळकनगर_४५२
४ जुलै, सकाळी ८:१५

सेटिरिझिनने, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळीने काम होत नाही का? आमच्याकडे माणसांना तीच चालते.


निवृत्त_पशुवैद्य
४ जुलै, सकाळी ११:००

कुत्र्यांत फार थोड्यांना उपयोग होतो, तोही किरकोळ. द्यायचीच तर डॉक्टरांकडून मात्रा घ्या आणि सर्दीची मिश्र गोळी चुकूनही देऊ नका. त्यातलं स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला विषारी आहे.


चेरीची_आई
३० जुलै, रात्री १०:००

चार आठवडे झाले. वास गेला. मांडीची काळी कातडी मऊ पडायला लागली आहे, मधे मधे गुलाबी दिसते. पाणी पिणं नेहमीसारखं, रात्री उठत नाही. गुण आठवरून पाच. पण पाचच्या खाली जात नाहीत, पंजे चाटणं चालूच आहे. कालपासून अन्नाचा प्रयोग सुरू केला: बकऱ्याचं मटण आणि रताळं, नुसतं उकडून, कांदा-लसूण-मीठ काही नाही. यातलं तिने कधी खाल्लेलं नव्हतं. टॉमीच्या आजोबांसारखा कागद फ्रिजवर लावलाय. सासूबाईंनी पहिली सही केली.


टॉमीचे_आजोबा
३१ जुलै, सकाळी ६:३०

गणपती मधे येतील. पेढे, मोदक, आरतीला येणारी मुलं. चेरीला त्या वेळी आतल्या खोलीत ठेवा.


चेरीची_आई
२६ सप्टेंबर, रात्री ९:४५

आठ आठवडे पूर्ण. गणपतीत दहाही दिवस आरतीच्या वेळी मुलगी चेरीबरोबर आतल्या खोलीत बसली, स्वतःची आरती सोडून. एकही पेढा गेला नाही.

निकाल मला हवा तसा नाही. खाज पाचवरच राहिली. आता दूध परत दिलं, अजून तरी फरक नाही. काल चिकन सुरू केलं. म्हणजे एवढं सगळं करून हाती काही लागलं नाही, असं वाटून आज रडू आलं.


निवृत्त_पशुवैद्य
२७ सप्टेंबर, सकाळी ७:४०

हाती फार मोठं लागलं आहे, ताई. चिकननेही खाज वाढली नाही तर अन्न यादीतून गेलं, आणि ते गेलं हे तुम्हाला खात्रीने माहीत असेल. फारच थोड्या घरांत हे कळतं. पिसवा नाहीत, लूत नाही, संसर्ग आटोक्यात. मग उरली ती हवेतली अ‍ॅलर्जी.

ही मुळापासून बरी होत नाही, जन्मभर सांभाळायची असते. डॉक्टरांना ओक्लासिटिनिब या खाजेच्या गोळीबद्दल विचारा. एका दिवसात खाज उतरते, पहिले चौदा दिवस दोन वेळा आणि मग एकदा. वर्षाखालच्या पिल्लाला किंवा गंभीर संसर्ग असताना देत नाहीत, आणि चालू असेपर्यंत अधूनमधून रक्त तपासायचं. सायक्लोस्पोरिन हा दुसरा पर्याय, त्याला महिना-दीड महिना लागतो. लस मिळत असेल तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांना फरक पडतो, पण वर्षभराचा धीर हवा. माशाचं तेल कातडीला आधार देतं, औषधाची मात्रा कमी करायला मदत होते. परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, तोवर सोडू नका.

घरातलंही बघा. धुळीतले सूक्ष्म किडे गादीत राहतात आणि ओलावा त्यांना आवडतो. चेरी कुठे झोपते?


चेरीची_आई
२७ सप्टेंबर, दुपारी २:३०

उन्हाळ्यात कूलरसमोर, जुन्या कापसाच्या गादीवर. तिच्या जन्मापासूनची आहे ती गादी, खोळ धुतो, गादी कधीच नाही.


अन्नपूर्णा_रोड
२७ सप्टेंबर, दुपारी ३:०५

गादी काढून टाका. आम्ही रॉकीला चौपदरी सुती चादर देतो, दर आठवड्याला कडकडीत पाण्यात, साठ अंशांवर धुऊन उन्हात. कूलरची ओली गवताची जाळीही दर मोसमात नवी.


चेरीची_आई
१८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

चिकनने काही झालं नाही. ओक्लासिटिनिब सुरू होऊन सहा आठवडे, रक्ताचा अहवाल चांगला आहे. गादी गेली. आंघोळ आठवड्यातून एकदा. वहीत गेल्या पंधरा दिवसांचे गुण दोन, दोन, तीन, दोन. मधे एका रात्री सहा झाले होते, पंज्याची स्लाइड केली तर यीस्ट परत आलं होतं. आठवडाभर शाम्पू वाढवला, बसलं. आधीची मी असते तर इंजेक्शनला पळाले असते.

थंडीत बरं जाईल, खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, असं डॉक्टर म्हणालेत. गोळी महाग आहे, म्हणून माशाचं तेलही चालू ठेवलंय, मात्रा उतरते का ते बघू. देवासच्या शेताचं नाव घरात आता कोणी काढत नाही.


मल्हारगंजची_गल्ली
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, त्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकाल का? गल्लीतल्या एका कुत्रीला दर पावसाळ्यात असंच होतं. तिच्यासाठी मी आणि समोरचे दुकानदार मिळून लिहू म्हणतो.


चेरीची_आई
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

संध्याकाळी टाकते. तारीख, गुण, कुठे खाजवलं, त्या दिवशी काय खाल्लं, कुठे फिरली आणि काय औषध दिलं, एवढंच लिहायचं. आज नळाचा दिवस आहे, आधी चेरीची आंघोळ.